एआयची साधने कोड लिहीत असताना प्रोग्रामिंगकडे कसब म्हणून का पाहावे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देते आहे ते तुम्हाला तपासता येईल. तुम्ही खराडीतल्या एका कंपनीत गेली सहा वर्षे बॅकएंडचे, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हर आणि डेटाबेसच्या कोडचे काम करता. कंपनीने आता एआय साहाय्यक वापरणे सर्वांना बंधनकारक केले आहे. पूर्वी दोन-तीन दिवस लागणारे काम दुपारच्या जेवणाआधी उरकते आणि मॅनेजर समाधानी आहेत, पण संध्याकाळी घरी जाताना आपण स्वतः काही केले असे तुम्हाला वाटत नाही. हात सुटत चालला आहे अशी धास्ती आहे आणि हाताखाली आलेल्या दोन नव्या मुलांना काय शिकवावे हे उमगत नाही. शेवटी तुम्ही विचारले आहे की, प्रोग्रामिंगकडे कसब म्हणून पाहण्यात आता काही अर्थ उरला आहे का, की वेळीच मॅनेजमेंटकडे वळलेले बरे.

मी पुण्यात दोन दशकांहून अधिक काळ कोड लिहिते आहे. त्यातले बहुतेक काम बिलिंग, पेमेंट आणि पतसंस्थांच्या व्यवहारांचे आहे. ही साधने मी रोज वापरते आणि ती काढून घेतली तर माझी अडचण होईल, त्यामुळे माझे उत्तर साधनांच्या विरोधात उभे राहून दिलेले नाही. तुमच्या प्रश्नात मला तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात : नोकरी टिकेल का, कौशल्य टिकेल का आणि कामातला आनंद टिकेल का. नोकऱ्यांच्या बाजाराबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांची कमतरता नाही, मी त्यांत भर घालणार नाही. कौशल्याबद्दल मी अनुभवावरून बोलू शकते. आनंदाबद्दल तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे, पण ‘घरी जाताना काही केल्यासारखे वाटत नाही’ या तुमच्या वाक्यावरून खरी टोचणी तिथेच असावी असे मला वाटते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या बाजूला ठेवून सल्ला देणे बरोबर होणार नाही. तुमची कंपनी ग्राहकाला मनुष्य-तासांचे बिल लावणारी असेल, तर प्रकल्प हातावेगळा झाल्यावर त्या कोडचे पुढे काय होते हे तुम्हाला दिसतच नाही, आणि ज्याचे परिणाम दिसत नाहीत त्या कामात कसब जोपासणे फार कठीण असते. स्वतःचे उत्पादन वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या कंपनीत हेच काम वेगळे असते, कारण आज घेतलेला आडवळणाचा निर्णय दोन वर्षांनी तुमच्याच टेबलावर परत येतो. घराचे हप्ते, आईवडिलांची जबाबदारी, मुलांच्या शाळा या गोष्टीही ठरवतात की माणूस मॅनेजरला किती वेळा ‘थांबा, मला हे वाचायला वेळ हवा’ असे म्हणू शकेल. आणि सगळाच कोड सारखा नसतो. ग्राहकाला एकदा दाखवून टाकून द्यायच्या डेमोसाठी मी जे म्हणेन, ते खात्याच्या शिलकेला हात लावणाऱ्या कोडसाठी म्हणणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला आतापर्यंत अनेकांनी असा दिलासा दिला असेल की यंत्राने फक्त टायपिंग घेतले, विचार करणे अजून माणसाकडेच आहे. हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच तुम्हाला अस्वस्थ वाटते आहे. आपल्यापैकी बहुतेक जण आधी पूर्ण विचार करून मग लिहायला बसत नव्हते. लिहिता लिहिता विचार होत असे. फंक्शनची तिसरी अट लिहिताना लक्षात यायचे की चौथी शक्यता आपण धरलेलीच नाही. व्हेरिएबलला नीट नाव सुचत नसे, तेव्हा कळायचे की दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र कोंबतो आहोत. लिहिण्याचा संथपणा हाच अनेकदा विचाराचा वेळ होता. तो संथपणा गेला, तर त्यासोबत होणारा विचार दुसरीकडे कुठे तरी मुद्दाम करावा लागतो. तो आपोआप उरत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. एका पतसंस्थेच्या प्रणालीत काउंटरवर सभासदाचे नाव टाइप करून खाते शोधण्याची सोय होती. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशी ‘ऱ्ह’ असलेली काही आडनावे यादीत डोळ्यांना दिसत, पण शोधल्यावर सापडत नसत. माझ्या एका तरुण सहकारी मुलीने हे काम घेतले आणि साहाय्यकाला विचारले. त्याने काही सेकंदांत निदान केले की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, ‘ऱ’ हा एकच संकेतांक म्हणूनही साठवता येतो आणि ‘र’ व त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण तुलना करताना वेगळे ठरतात. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ते एनएफसी या प्रमाण रूपात आणावे, असा उपाय त्याने दिला, कोड लिहिला, टेस्टही (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिल्या आणि त्या सगळ्या हिरव्या, म्हणजे यशस्वी झाल्या. निदान बरोबर होते आणि उपायही चुकीचा नव्हता.

मर्ज करण्याआधी, म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, मात्र तिने डेटाबेसमधली न सापडणारी खरी नावे घेऊन त्यांचे बाइट उघडून पाहिले. तेव्हा तिसरे रूप सापडले. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींत तो अर्धा र ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झीडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने आला होता, आणि एनएफसी त्या क्रमाला हात लावत नाही. साहाय्यकाने त्यावर सुचवले की ही अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकावीत. तसे केले असते तर ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ आला असता, म्हणजे ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरकच पुसला गेला असता. शेवटी तिने फक्त तो एक क्रम ओळखून त्याला ‘ऱ’च्या प्रमाण रूपात बदलणारा छोटा नियम स्वतः लिहिला, आणि टेस्टमध्ये तिन्ही रूपांतली नावे घातली.

या प्रसंगात यंत्र अडाणी ठरले असे मी म्हणणार नाही. तिने झीडब्ल्यूजेबद्दल नेमके विचारले तेव्हा त्याने अचूक आणि भरपूर माहिती दिली. माहिती यंत्राकडे होतीच. शंका मात्र तिच्याकडून यावी लागली. आणि हिरव्या टेस्ट समोर असतानाही तिच्या मनात पाल चुकचुकली, याचे कारण आमच्याकडे आल्यावर सुरुवातीच्या काळात तिने देवनागरी मजकुराची एक बिघडलेली फाइल हाताने, बाइट मोजत, सोडवली होती. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो हे तिने वाचले नव्हते, पाहिले होते. प्रोग्रामिंगचे कसब मी यालाच म्हणते : योग्य ठिकाणी शंका येणे, आणि ती आल्यावर तळापर्यंत उतरून पाहण्याची ताकद अंगात असणे. असा संशय वाचून येत नाही. स्वतः केलेल्या कामातूनच तो मुरतो.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली जे मांडले ते मला या संदर्भात वारंवार आठवते. त्यांचे म्हणणे असे होते की प्रोग्रामर मुळात एक सिद्धान्त उभा करत असतो : हा प्रोग्राम बाहेरच्या जगाशी कसा जोडलेला आहे, तो असाच का आहे आणि उद्या गरज बदलली तर तो कुठे वाकवावा, याची समज. ही समज लिहिलेल्या कोडमध्ये किंवा कागदपत्रांत पूर्ण उतरत नाही, ती माणसांत असते. त्यांनी दिलेल्या उदाहरणात एका गटाने तयार केलेला कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) दुसऱ्या गटाने वाढवायला घेतला. संपूर्ण कोड आणि सविस्तर कागदपत्रे हाताशी असूनही दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल मूळ रचना मोडणारे निघाले. तुमच्या कंपनीत दुपारच्या जेवणाआधी जो कोड तयार होतो, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न विचारा : त्याची समज आत्ता कोणाकडे आहे? उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे असेल, तर तो कोड पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्या गटाच्या हातात आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १९५७ साली आयबीएमचा फोर्ट्रान कंपायलर आला तेव्हाही असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिणाऱ्यांना शंका होत्या, पुढे सगळे वरच्या भाषांत लिहू लागले आणि आज कंपायलरने काढलेला कोड कोणी वाचत नाही. मग एआय म्हणजे त्याच जिन्याची पुढची पायरी का नाही? पुण्यापुरते बोलायचे तर कोड यंत्राने काढण्याची कल्पना आपल्याला मुळीच नवीन नाही. १९८१ साली इथे स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात, म्हणजे टीआरडीडीसीत, मॉडेलवरून, म्हणजे प्रणालीच्या आराखड्यावरून, कोड तयार करण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे काम झाले, आणि त्यातून आलेली साधने खऱ्या प्रकल्पांत वापरली गेली. पण कंपायलर काय आणि तिथले कोड काढणारे जनरेटर काय, त्यांना दिलेल्या मजकुराला एक ठरलेला अर्थ असतो, आणि तेच दिले की तेच मिळते. म्हणून माणूस मूळ मजकूर सांभाळतो आणि निघालेला कोड वाचत नाही. आजच्या साहाय्यकाला आपण साध्या भाषेत जे सांगतो त्याला असा एकच अर्थ नसतो. तीच विनंती दोनदा केली तर दोन वेगळे प्रोग्राम येऊ शकतात. आपण विनंती जतन करत नाही, निघालेला कोड जतन करतो आणि पुढची कित्येक वर्षे त्यातच दुरुस्त्या करतो. जोपर्यंत हे असे आहे, तोपर्यंत कोड वाचता येणे आणि त्याचा अर्थ लावता येणे ही जुनी कौशल्ये कालबाह्य झाली असे मी मानणार नाही.

वेगाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. मेट्र या संशोधन संस्थेने २०२५च्या जुलैमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामरनी, स्वतः चांगल्या ओळखीच्या असलेल्या मोठ्या मुक्त-स्रोत प्रकल्पांवर, २४६ कामे केली. काही कामांना एआय वापरण्याची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्याच लोकांना काम संपल्यावर वाटत होते की आपण सुमारे २० टक्के लवकर संपवले. हा लहान प्रयोग आहे, २०२५च्या सुरुवातीच्या साधनांवर आणि विशिष्ट प्रकारच्या कामांवर झालेला आहे, त्यामुळे एआयने काम मंदावते असा निष्कर्ष त्यातून मी काढत नाही. माझी अनेक कामे त्यामुळे निश्चित लवकर होतात. मी त्यातून एवढेच घेते की ‘किती भराभर झाले’ ही आपली स्वतःची भावना भरवशाची नाही. तुमच्या मॅनेजरचीही नाही.

हात सुटण्याची तुमची धास्ती मात्र मी पूर्णपणे गंभीरपणे घेते. कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांचा अभ्यास करणाऱ्या लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच दाखवले होते की यंत्र सोपे काम घेते आणि माणसाकडे देखरेख उरते. पण यंत्राला जमत नाही त्या अवघड क्षणी सूत्रे पुन्हा माणसाकडेच येतात, आणि तोपर्यंत रोजचा सराव नसल्यामुळे त्याचे कौशल्य गंजलेले असते. रात्री दीड वाजता पेमेंट अडकलेले आहे, लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीने ठेवलेल्या नोंदींत, तीन सेवांची नावे आहेत, त्यांपैकी दोन तुम्ही कधी नीट वाचलेल्या नाहीत आणि साहाय्यक एकामागून एक शक्य वाटणारी कारणे सांगतो आहे, हे दृश्य तुम्ही पाहिले नसेल तर लवकरच पाहाल. त्या वेळी कोणते कारण खरे हे ठरवायला जे लागते, ते त्याच रात्री शिकता येत नाही.

मग मी काय करते? सगळे हाताने लिहिण्याचा हट्ट मी धरत नाही. कॉन्फिगरेशनच्या फाइल, एकदाच चालवायच्या स्क्रिप्ट, एका टेस्ट फ्रेमवर्कमधून दुसऱ्यात जाणे, फॉर्मचे पडदे, अनोळखी कोडची पहिली ओळख करून घेणे, हे मी निःसंकोचपणे साहाय्यकाकडे देते आणि त्यात मला काही गमावल्यासारखे वाटत नाही. जिथे चूक झाली तर ती मलाच कोणाला तरी समजावून सांगावी लागेल, तो भाग मात्र मी स्वतःकडे ठेवते.

माझ्या कामात त्याचा पहिला अर्थ असा की माहितीची रचना आणि तिचे नियम मी स्वतः लिहिते : कोणती टेबले, कोणती बंधने, एखादा व्यवहार कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाऊ शकतो आणि कुठे कधीच जाऊ शकत नाही. उदाहरणार्थ, पेमेंटच्या विनंतीला वेळेत उत्तर आले नाही, तर ते पेमेंट अयशस्वी झाले असे म्हणता येत नाही. ते झालेही असेल, फक्त निरोप पोहोचला नसेल. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा कोड साहाय्यक सुबकपणे लिहून देतो, पण पुन्हा प्रयत्न केल्यावर ग्राहकाच्या खात्यातून दुसऱ्यांदा पैसे जाणार नाहीत याची हमी समोरची बँक देते की नाही, विनंतीसोबत पाठवलेल्या क्रमांकावरून ती जुनीच विनंती आहे हे तिला ओळखता येते की नाही, हे त्या बँकेच्या कागदपत्रांत आणि कधी कधी फक्त तिथल्या माणसाशी बोलल्यावरच कळते. हे मी आधी कागदावर अवस्थांची आकृती काढून ठरवते. त्यानंतर कोड कोणीही लिहिला तरी मला तो तपासता येतो.

दुसरे म्हणजे टेस्टमधली अपेक्षित उत्तरे मी कोड मागण्याआधी स्वतः ठरवते. यंत्राला कोड आणि टेस्ट दोन्ही एकदम लिहायला सांगितले, तर टेस्ट बऱ्याचदा कोड जे करतो आहे त्यावरच शिक्कामोर्तब करते. पायथनमध्ये राउंड हे फंक्शन २.५ चे २ करते, कारण ते बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. जावात मॅथ-राउंड २.५ चे ३ करते. दोन्ही आपापल्या भाषेच्या नियमाने बरोबर आहेत. पण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा असतो, म्हणजे अडीच रुपयांचे तीनच व्हायला हवेत. कोड पाहून लिहिलेली टेस्ट पायथनच्या २ ला आनंदाने हिरवी होईल. कायदा वाचून लिहिलेली टेस्ट लाल होईल, आणि तिथेच तुमच्या कामाची किंमत आहे.

तिसरी सवय डीबगिंगची, म्हणजे कोडमधली चूक शोधण्याची. बग समोर आला की साहाय्यकाला विचारण्याआधी मी माझा अंदाज लिहून ठेवते : कारण काय असावे, आणि ते खरे असेल तर आणखी कुठे काय दिसायला हवे. मग तेवढे तपासते. अंदाज चुकला तरी चालतो, पण तो लिहिलेला असला की नंतर साहाय्यकाने सांगितलेल्या कारणाशी ताडून पाहता येतो आणि प्रणालीबद्दलची आपली समज कुठे तोकडी होती ते कळते. घाईच्या रात्री मी हे करत नाही, आधी सेवा सुरू करते. दुसऱ्या दिवशी मात्र तोच बग घेऊन बसते. तिन्ही सवयींमध्ये हेतू एकच आहे, आधी स्वतः बांधायचे आणि मग ताडून पाहायचे, कारण आधी उत्तर पाहिले की आपल्याला ते माहीतच होते असे वाटू लागते.

हाताखालच्या मुलांबद्दल. आपल्याकडे कॉलेजात प्रॅक्टिकलचे जर्नल आणि शेवटी तोंडी परीक्षा असते, आणि जर्नल कितीही सुंदर उतरवलेले असले तरी बाहेरून आलेल्या परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की कोणी काय केले ते कळते. मी रिव्ह्यू तसाच घेते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, आली की तो कोड कोणी लिहिला हे मी विचारत नाही. स्क्रीन बंद ठेवून मला सांग की हा बदल काय करतो, ही ओळ काढली तर काय मोडेल, आणि दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर काय होईल, एवढे विचारते. सांगता आले नाही तर रागावण्याचा प्रश्न नाही, पण तो कोड मर्ज होत नाही. पहिले काही महिने प्रत्येक नव्या मुलाला किंवा मुलीला एक लहान पण खरा भाग साहाय्यकाशिवाय लिहायला देते, आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा वेळ अंदाजपत्रकात माझ्या नावावर धरते, त्यांच्या नावावर नाही. त्यांच्यावर वेगाचे दडपण ठेवून त्यांच्याकडून खोलीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आपल्याला शिकताना जो संथ काळ मिळाला, तो त्यांना कोणी तरी मिळवून द्यावा लागेल आणि तुमच्या टीममध्ये ते काम तुमचेच आहे.

आता आनंदाचा प्रश्न. तासन्‌तास अडलेले काहीतरी एकाएकी चालू लागते, त्या क्षणासाठी आपल्यातले अनेक जण या क्षेत्रात आले. तो क्षण आता तयार होऊन समोर येतो आणि त्यात आपला वाटा नसतो. ही खरी हानी आहे आणि तिचे दुःख होणे स्वाभाविक आहे. काही सहकाऱ्यांना मूळचा आनंद वस्तू तयार होण्यात होता, ती करण्याच्या प्रक्रियेत नव्हता. ते आज पूर्वीपेक्षा सुखी आहेत आणि त्यांना कमी दर्जाचे समजण्याचे कारण नाही. तुम्ही त्यांच्यातले नाही असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते, मीही नाही. माझ्या बाबतीत थोडा आनंद जागा बदलून टिकला : एखादा गुंतागुंतीचा व्यवहार चार स्वच्छ नियमांत मांडता येणे, किंवा साहाय्यकाने दिलेल्या तीनशे ओळींपैकी दोनशे अनावश्यक आहेत हे ओळखून काढून टाकणे, यात मला खोल समाधान मिळते. पण नोकरीतल्या कामाने सगळी उणीव भरून निघते असे मी म्हणणार नाही. ती मी नोकरीबाहेर भरून काढते.

त्यासाठी एक सुचवते. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या बहुतेकांनी तिसऱ्या वर्षी सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला टू-पास असेंब्लर (असेंब्लीतला कोड दोन फेऱ्यांत यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) केलेला असतो, आणि अनेकांनी तो सीनिअरच्या कोडवरून उतरवलेला असतो. तो आता पुन्हा लिहा, तुम्हाला न येणाऱ्या एखाद्या भाषेत, कोणत्याही साहाय्यकाशिवाय. लेबल (उडीच्या ठिकाणाचे नाव) पुढे कुठे तरी येणार आहे पण उडी आत्ताच मारायची आहे, या एका अडचणीमुळे दोन फेऱ्या का लागतात, पहिल्या फेरीत सिम्बॉल टेबलात पत्ते का गोळा करावे लागतात, आणि रिकाम्या जागा नंतर भरून तेच काम एका फेरीत कसे करता येते, हे हाताने करून पाहिले की पूर्वी परीक्षेसाठी पाठ केलेली गोष्ट तुमची स्वतःची होते. यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ पुरते. कोणी मागितलेले नाही, कोणाला दाखवायचे नाही आणि उशीर झाला तरी चालणार आहे, अशा कामात तो जुना क्षण अजून भेटतो.

मॅनेजमेंटकडे वळावे का, याचे उत्तर तुम्ही कशाकडे ओढले जाता यावर आहे. माणसांच्या अडचणी सोडवणे, कामाची वाटणी करणे, ग्राहकाला नाही म्हणणे यांत तुम्हाला रस असेल तर जरूर जा; तेही शिकून घ्यावे लागणारे कसब आहे आणि कोड समजणारा मॅनेजर टीमला आजही हवाच असतो. पण केवळ कोडिंगमधले समाधान गेले म्हणून जाणार असाल, तर माझे मत थांबा असे आहे, कारण तिथेही दुसऱ्याने तयार केलेल्या गोष्टींना मान्यता देत बसण्याचे काम पुष्कळ असते, आणि तुम्हाला आज नेमका त्याचाच त्रास होतो आहे.

कंपनी बदलण्याचा विचार असेल, तर मुलाखतीत तुम्हीही विचारा की प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीत, रात्री बिघाड झाला तर कोण उठते, आणि ज्या कोडमुळे तो झाला तो त्या माणसाने आधी वाचलेला असतो का. या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्या जागा थोड्या असतात, पण आहेत. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड पाहता घाई करण्यापूर्वी आहे त्याच ठिकाणी एक गोष्ट करून पाहा : एका मॉड्यूलची संपूर्ण जबाबदारी मागून घ्या, म्हणजे त्यात काय मर्ज होईल आणि काय नाही हे तुम्ही ठरवाल आणि बिघडले तर फोनही तुम्हालाच येईल. कोणते मागावे असा प्रश्न पडला, तर जिथे पैसे हलतात किंवा नोंदी कायमच्या बदलतात असे मॉड्यूल मागा, कारण तिथला कोड वाचून समजून घ्यायला लागणारा वेळ तुम्हाला तुमच्या मॅनेजरलाही पटवून देता येईल.